पुठ्ठ्याआडचा फासा

मालक फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नसत, 'काय झालं?' म्हणत. पलीकडच्याने नुसती चौकशी करायला फोन केला असला तरी त्याला आधी काही झालेलं नाही हे सांगावं लागे, आणि ते मालकांना पटेपर्यंत मूळ विषयाला हात घालता येत नसे. मी त्यांच्या कारखान्यात हिशेबाचं आणि ऑर्डरींचं काम बघायला लागले त्याच आठवड्यात एका शाळेच्या बाईंचा फोन आला होता. गणवेश पोचले, छान झालेत, एवढंच त्यांना सांगायचं होतं. फोन ठेवून मालकांनी त्या शाळेची ऑर्डर परत काढून बघितली. मग मला म्हणाले, "छान झालेत हे सांगायला कोण फोन करतंय? काहीतरी झालंय बघ."

सोलापुरात मालक म्हणवून घ्यायला काही मालकीचं असावं लागत नाही. रिक्षावाला प्रवाशाला मालक म्हणतो आणि प्रवासी रिक्षावाल्याला. आमचे मालक मात्र खरोखरचे मालक होते. नवी पेठेतलं वडिलांचं कापडाचं दुकान थोरल्या भावाकडे गेलं आणि शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना यांच्या वाट्याला आला. उंच, किडकिडीत, गळ्यात कायम मापाची टेप. लग्नाला जातानाही ती काढायची राहून जाई, आणि अक्षता टाकताना वहिनी, म्हणजे त्यांची बायको, ती हळूच ओढून आपल्या पर्समध्ये घालत. रस्त्यात कुठल्याही शाळेचं पोर दिसलं की मालक थांबत, त्याची कॉलर सरळ करत आणि शिवण चिमटीत धरून बघत. एकदोनदा त्यावरून पोरांच्या आयांनी त्यांना बोलही लावले होते.

त्यांना कशाकशाची भीती वाटे हे सांगायला बसलं तर दिवस पुरणार नाही. लिफ्टची वाटे, म्हणून चौथ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाकडे ते घामाघूम होऊन पोचत. गॅसच्या सिलिंडरची तर विशेष. बाहेर निघाले की गल्लीच्या कोपऱ्यावरून परत फिरत, बटण बंद आहे ना बघायला. वहिनी म्हणत, मी बघितलंय. मालक म्हणत, तू बघितलंस ते बरोबर आहे, आणि तरी जाऊन येत. अक्कलकोटला आत्याकडे जायचं तर वाटेत काही झालं तर वेळ हाताशी असावा म्हणून इतक्या लवकर निघत की आत्याच्या घरी यांनाच दाराची कडी वाजवून सगळ्यांना उठवावं लागे. स्वतःशी बडबडायचे ते कानडीत. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. चिंतेचा विभाग सगळा कानडीकडे होता.

असा हा माणूस रविवारी दुपारी कटिंग टेबलापाशी उभा राहिला की ओळखू येत नसे.

खेळ असा होता. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं. कुणी चोर, कुणी शिपाई. सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे, पाणी चढलंय, काय करता? आपण सांगायचं, पोहून जाते. ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. तोही साधा नाही, वीस तोंडांचा. मोठा आकडा पडला तर तुम्ही पलीकडे, लहान पडला तर पाण्यात. यात कुणी जिंकत नाही, हरत नाही, आणि एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालू राहू शकते. मालक पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला गेले तेव्हा होस्टेलवर हा खेळ त्यांना लागला. पदवी राहिली तिकडेच, हा एवढा खेळ घेऊन परत आले, असं वहिनी म्हणत. तिथं खेळ चालवणाऱ्याला मास्टर म्हणायचे म्हणे. आमच्या कारखान्यात कटिंग मास्तर आधीपासून होते, त्यामुळे हे खेळातही मालकच राहिले.

कटिंगचं टेबल हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत होतं. आठवडाभर त्याच्यावर कापडाचे थरावर थर पडत आणि मास्तर त्यांतून मशीन फिरवत. रविवारी ते मोकळं असे. मालक मार्किंगच्या खडूने थेट त्या लाकडावरच किल्ला काढत, नदी काढत, जंगल काढत. आम्ही बटणं होतो. मी कोटाचं तपकिरी बटण, वाटाड्या बाई. मास्तर पितळी बटण, राजाचे पहारेकरी. ते तेलुगू घरातले, देहाने अवाढव्य, आवाज हॉल भरून उरेल असा, आणि शत्रू समोर आला तरी तलवार उपसायच्या आधी त्याच्या अंगरख्याची शिलाई कशी आहे ते विचारायचे. तिसरा वहिनींचा धाकटा भाऊ. सांगोल्याकडे त्याची डाळिंबाची बाग आणि शेळ्या होत्या. रविवारी मोटरसायकलवरून यायचा आणि गोष्टीतही मेंढरंच राखायचा. मालकांनी त्याला सरदार हो, मांत्रिक हो म्हणून पुष्कळ सांगून पाहिलं. त्याचं म्हणणं, "दाजी, मला दुसरं काय येतंय? हितं तरी मेंढरं मरायची न्हाईत."

मरायची, मरायची. मालकांच्या गोष्टीत सगळे मरायचे. माझी पहिली वाटाड्या खेळाच्या पहिल्याच दुपारी गेली. कड्यावरून दोराने उतरते म्हटलं आणि दोर वर कशाला बांधलाय हे विचारायचं विसरले. मालकांनी विचारलं, "बघितलंस का बांधलाय ते?" मी म्हटलं, नाही. त्यांनी फासा टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा टाकला, आकडा वाचला, आणि मी कशी पडले ते इतकं शांतपणे सांगितलं की मी टेबलाची कड धरून ठेवली. वर म्हणाले, "भीती वाटली पाहिजे की. नाहीतर घरीच बसावं." मला त्यांचा राग आला होता, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी मीच येऊन बसले होते.

एकदा धीर करून त्यांना विचारलं होतं. बाहेर सिलिंडरला भिणारा माणूस इथं वाघाच्या गुहेत आम्हाला हसत हसत कसा पाठवतो? मालकांनी हातातला फासा उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "हितं फासा दिसतो. बाहेर कोण टाकतंय, काय पडलंय, काहीच कळत नाही की." मी तेव्हा हसले होते. पण त्या माणसाला आठवड्यातून एकच दुपार छातीवर दडपण नसलेली मिळत होती, आणि ती त्या टेबलाशी मिळत होती, एवढं मला तेव्हाही कळलं होतं.

मग मुलगी झाली. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, दवाखाने झाले होते, नवस झाले होते, आणि दोघांनी आशा सोडल्यावर झाली. तीही दिवस भरायच्या आधीच. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मालक काचेबाहेर उभे राहत. रोज संध्याकाळी डॉक्टर येऊन 'ठीक आहे' म्हणत आणि पुढे जात. मी भेटायला गेले तर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ठीक म्हणजे काय? मेलेलं नाही एवढंच, का त्यापेक्षा जरा जास्त?" जेवणाचा डबा मी नेला तसाच परत आणला.

मुलगी घरी आली. वजनाने भरायला लागली, आवाज काढून रडायला लागली, आणि आता माणूस निवळेल असं आम्हाला वाटलं. झालं उलटंच. मालकांनी तिचं माप घ्यायला सुरुवात केली. डोक्यापासून टाचेपर्यंत, टेपने, सकाळ-संध्याकाळ. कारखान्यात येऊन मला आनंदाने सांगत, थोडी वाढली. आणि एके दिवशी पांढरेफटक होऊन आले, तिला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलेली. मुलगी कमी झाली होती. चांगली अर्ध्या बोटाने कमी झाली होती. दोनदा मोजलं म्हणाले, मी डॉक्टरकडे निघालोय, तू चल. रिक्षा बोलवेपर्यंत मास्तर बाहेर आले, मालकांच्या गळ्यातली टेप त्यांनी हातात घेतली, आपली टेप तिच्याशेजारी धरली आणि काही न बोलता दोन्ही त्यांच्यासमोर केल्या. मालकांची टेप जुनी झाली होती. कापडी टेप वापरून वापरून ताणते आणि मग माप कमी दाखवते. हे आमच्या कारखान्यातल्या काजं करणाऱ्या पोरीलाही माहीत होतं, आणि ताणलेली टेप वापरली म्हणून कुणाला झापलं असेल तर ते याच माणसाने. आदल्या दिवशी घरी त्यांनी नव्या टेपने मोजलं होतं, एवढीच सगळी हकीकत. मालकांनी दोन्ही टेपा बघितल्या आणि तरी विचारलं, "पण जाऊन दाखवून आलेलं बरं ना?" आम्ही गेलो. रिक्षात मला हसू आवरत नव्हतं. आता स्वतःला मूल झाल्यापासून ती गोष्ट कुणाला सांगताना मला हसू येत नाही. मीही झोपलेल्या पोराच्या नाकाखाली बोट धरून बसते.

खेळ अर्थातच बंद पडला. मालक म्हणाले, आता वेळ कुठला? रविवार दुपार घरी. आम्ही तिघांनी समजून घेतलं. समजून घेतलं नाही ते वहिनींनी. त्या एकदा स्वतः कारखान्यात आल्या आणि माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या की रविवारी दुपारी तुम्ही घराबाहेर पडायचं. मूल मी सांभाळीन, पण मूल आणि तुम्ही असे दोघं एका वेळी माझ्याने सांभाळून होत नाही. ती झोपते तेव्हा तुम्ही तिला श्वास चालू आहे का बघायला हलवता, ती उठते, मग मी उठते. तुमचा तो खेळ सुरू करा, चार लोकांत बसा, मला दुपारची डोळ्याला डोळा लागू दे.

तर मालक आले. टेबलावर फोन मांडून बसले. मी वाघाच्या पायाचे ठसे शोधत असायची आणि मालक घरी फोन लावून विचारत असायचे, काय झालं? वहिनींनी फोन बंद करून ठेवला, तर ते गोष्ट अर्ध्यावर टाकून घरी पळाले. घर पुढच्याच गल्लीत होतं. आठवडाभर विचार करून त्यांनी तोडगा काढला. मुलगीच इथं आणायची.

झोळी बांधायची ठरली. शर्टिंगचं चांगलं घट्ट कापड निवडलं, आम्ही त्याला दुहेरी शिवण मारली. छताच्या कडीला बांधल्यावर मालकांनी मास्तरांना म्हटलं, जरा बसून बघा. मास्तर म्हणाले, मालक, मी बसलो तर कडी नाही, छप्पर येईल. मग झोळीत कापडाचे तागे भरून ठेवले, दिवसभर टांगून बघितले, तेव्हा कुठे मुलगी तिच्यात गेली. वहिनींनाही यावं लागायचंच, कारण ती कण्हली की मालक त्यांना हाक मारायचे. त्या माझ्या ऑफिसातल्या बाकावर आडव्या व्हायच्या, आणि डोळा लागतोय तोवर हाक यायची, अगं, ती नाक मुरडतीये, असं मुरडतात का?

आणि आमचा खेळ चोरून चालल्यासारखा चालायला लागला. लाकडावर फासा वाजतो म्हणून टेबलावर कापडाची चौपदरी घडी आली. युद्धं कुजबुजत व्हायची. मास्तर आपला सगळा आवाज पोटात दाबून, तोंडावर हात घेऊन शत्रूला आव्हान द्यायचे आणि त्यांचे डोळे बाहेर यायचे. याचं आम्हाला काही नव्हतं. हसत हसत केलं आम्ही. पण एका रविवारी मालकांनी शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा आपल्यासमोर उभा केला आणि फासा त्याच्या आड टाकायला लागले. म्हणाले, वाऱ्याने हलतो. फासा वाऱ्याने हलत नाही.

तेव्हापासून त्या राज्यात काही वाईट घडेनासं झालं. विहिरींना कठडे आले. नद्या गुडघ्याएवढ्या झाल्या. प्रत्येक गावात वैद्य, तोही घरी असलेला. दरोडेखोर आडवे यायचे, पण बोलल्यावर ऐकायचे, आणि त्यांनाही घरी लहान मूल असायचं. एकदा गुहेतून वाघ बाहेर आला, त्याने आमच्याकडे बघितलं, शेपूट हलवली आणि झाडीत निघून गेला. वहिनींच्या भावाने हातातलं बटण खाली ठेवलं. "दाजी, ह्यो वाघ जेवून आलाय व्हय?"

मालक गोरेमोरे झाले. म्हणाले, असेल जेवलेला, वाघाला सारखी भूक कशी लागेल? त्या दुपारी मी पाणी प्यायला उठले आणि त्यांच्या मागून गेले, तेव्हा पुठ्ठ्याआड फाशावर एक होता. मालक आम्हाला सांगत होते, चौदा. मास्तरांनीही बघितलं असणार, कारण जाताना जिन्यात ते म्हणाले की पुढच्या रविवारपासून मला घरी जरा काम आहे. वहिनींचा भाऊ म्हणाला, माजं बी तसंच हाय, भाचीला बघायला येत जाईन, पर ह्यात राम न्हाई उरला.

मालकांना हे कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या दिवशी ऑर्डरींवर सह्या करताना मान वर न करता मला म्हणाले, "तुम्ही येणं सोडणार." मी पुढची ऑर्डर त्यांच्यासमोर ठेवली. "सोडा. तुमच्या जागी मी असतो तर मीपण सोडलं असतं. पण मी करू काय? वाईट काही सांगायला तोंड उघडतो आणि समोर ती दिसतीये. काचेतली." सह्या झाल्या. कागद माझ्याकडे सरकवले. "ह्या टेबलाशी तरी मला भीती वाटत नव्हती," म्हणाले, "आता हितंबी आली."

मला त्यांची इतकी कीव आली की मी मास्तरांना आणि वहिनींच्या भावाला गळ घालून एक रविवार आणखी या म्हटलं. त्याहून काही सुचत नव्हतं. आणि खेळाचं काय झालंय ते ऑफिसातल्या बाकावर पडल्या पडल्या वहिनींनी केव्हाच ऐकलेलं होतं.

त्या रविवारी मुलगी झोळीत झोपली, मालकांनी पुठ्ठा उभा केला, आणि वहिनी बाकावर जायच्या ऐवजी स्टूल ओढून टेबलाशी बसल्या. म्हणाल्या, मलापण घ्या. मालक चकित झाले, मग एकदम खूश. इतक्या वर्षांत त्या कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी डब्यातून शर्टाचं पांढरं बटण काढून दिलं, कोण व्हायचंय विचारलं. वहिनी म्हणाल्या, "जिची झोप झालीये अशी कुणीपण."

गोष्ट दरीपाशी आली होती. पलीकडे जायचं होतं. मालकांनी खडूने दरी काढली, तिच्यावर पूल काढला आणि सांगितलं की पूल गावकऱ्यांनी नुकताच दुरुस्त केलाय, मजबूत आहे. मास्तरांनी माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. वहिनींनी विचारलं, शेजारी दुसरं काही आहे का? मालक म्हणाले, आहे एक जुना ओंडका, पण तो कुजलाय, पूल आहे ना. वहिनी म्हणाल्या, मी ओंडक्यावरून जाते.

"का पण?"

"मला जायचंय."

मालकांनी पुठ्ठ्याआड फासा टाकला. कापडावर तो वाजलाही नाही. त्याच्याकडे बघून म्हणाले, सोळा, गेलीस आरामात पलीकडे. वहिनी उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला. फाशावर चार होते. आम्ही तिघं टेबलावरच्या खडूच्या रेघा बघत बसलो.

वहिनी रागावल्या नव्हत्या. त्या अगदी हळू बोलत होत्या, मुलगी उठू नये म्हणून आम्हाला सगळ्यांना लागलेल्या त्या आवाजात. "पेटीपाशी डॉक्टर रोज ठीक आहे म्हणायचे. तुम्ही घरी येऊन मला काय म्हणायचा? खरं सांगत नाहीत म्हणायचा. ताटावरून उठायचा. वाईट असलं तरी चालेल पण खरं सांगा, असं तुम्ही त्या नर्सच्या हातापाया पडून म्हटलं होतं. मी बघितलंय." मालकांनी पुठ्ठ्याकडे हात नेला आणि मागे घेतला. "मग मला सांगा. चार पडले म्हणजे काय झालं?"

मालकांनी खडू उचलून ओंडक्याच्या रेघेवर टेकवला. तो पुढे सरकेना. शेवटी वहिनींच्या भावालाच राहवेना. "सांगा की दाजी."

"ओंडका मोडला," मालक म्हणाले. "पडलीस."

"मेले?"

"नाही. अजून नाही. झाडाची मुळी हाताला लागलीये. लटकतीयेस. वरून कुणी ओढून घेतलं तर."

"मग हे घेतील की ओढून," वहिनी म्हणाल्या. पदर झटकला, चपला शोधल्या. "मी घरी जाते झोपायला. दूध वाटीत काढून झाकून ठेवलंय, चमचा तिथंच आहे. मला बोलवायचं नाही."

मालक जागच्या जागी उभे राहिले. "आणि ती उठली तर?"

"उठली तर घ्या," वहिनी म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. त्यांची पावलं खाली वाजायची बंद होईपर्यंत मालक दाराकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडून हाक येणार असं मला सारखं वाटत होतं, आणि ती यावी असंही वाटत होतं, कारण मूल आम्हा चौघांत कुणालाच सांभाळता येत नव्हतं. हाक आली नाही.

मुलगी उठलीच. वहिनी जाऊन जरा वेळ झाला नसेल, झोळी हलली आणि ती रडायला लागली. मालकांनी तिला उचललं. एक हात मानेखाली, एक खाली, दोन्ही हात भरले. वाटी-चमच्याने दूध पाजायला मी मदत केली, निम्मं तिच्या दुपट्यावर गेलं. पोट भरलं तरी ती किरकिरत होती. ते तिला खांद्यावर घेऊन खिडकीपाशी फेऱ्या घालायला लागले. मी म्हटलं, मालक, राहू दे आता, पुढच्या रविवारी बघू. त्यांनी मान हलवली. "पुढचा रविवार येणार नाही, मला माहितीये. ती तिथं लटकलीये. टाका." मग म्हणाले, "मला हात नाहीत. तुम्हीच टाका, आणि काय पडलं ते मला मोठ्याने सांगा."

दोर मेंढपाळाकडे होता, म्हणून फासा वहिनींच्या भावाने घेतला. मास्तरांनी कापडाची घडी ओढून काढली. उघड्या लाकडावर फासा खडखडत गेला, खडूने काढलेल्या दरीवरून गेला आणि थांबला. मालक आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते.

फाशावर दोन होते.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. वहिनींच्या भावाचं तोंड उघडं राहिलं होतं. मास्तरांनी माझ्याकडे बघत टेबलाच्या कडेशी हाताची पाची बोटं वर केली, मग परत पाची, मग परत. पंधरा सांग, असं. काय बिघडत होतं? एक पांढरं बटण वर येणार होतं. पोर खांद्यावर घेतलेल्या त्या माणसाला आत्ताच्या आत्ता, त्याची बायको गेली असं कुणी सांगायचं? इतके रविवार त्या पुठ्ठ्याआड मालकांचं काय होत असेल ते मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं, आणि रडायलाच आलं.

"काय पडलं?" मालकांनी विचारलं.

कारखान्यात हिशेबाचे आकडे सांगायचं काम एरवी माझं, म्हणून असेल, दोघंही माझ्याकडेच बघत होते. मालक वळले नाहीत. मुलीची पाठ थोपटणारा त्यांचा हात तेवढा दिसत होता.

"सांग की. काय पडलं?"

"दोन," मी म्हटलं.

हात थांबला. पोर किरकिरलं, आणि तो पुन्हा थोपटायला लागला. मग मालक वळले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात नव्हता, आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. कुजबुजत नाही. पूर्वीच्या आवाजात, हॉलभर ऐकू जाईल असं. दोर कसा कमी पडला, बोटं कशी बोटांना लागली आणि सुटली, मुळी कशी मातीसकट आली, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. मुलगी रडायची थांबून त्यांच्या हलणाऱ्या हनुवटीकडे बघत होती.

"गेली," मालक म्हणाले. त्यांनी एकदा श्वास घेतला, मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुम्ही तिघं उरलात. पलीकडे पोचायचंय, आणि उजेड थोडाच राहिलाय. काय करता?"

मी पांढरं बटण उचलून डब्यात टाकलं. मालक वाट बघत उभे राहिले.